इलेक्ट्रोड आणि इन्फ्रारेड वापरून धातुयुक्त एन्झाइमचा अभ्यास: प्रयोग कोणत्या क्रमाने करायचा आणि तो कुठे फसतो

इलेक्ट्रोडने पोटेन्शियल देऊन इन्फ्रारेडने एन्झाइम पाहण्याच्या या प्रयोगाबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. पोटेन्शियोस्टॅटवर (इलेक्ट्रोडचा पोटेन्शियल ठरवणाऱ्या यंत्रावर) −४०० मिलिव्होल्ट दिसतात, पण वर्णपट हलायला तयार नाही. किंवा हलतो, पण पोटेन्शियल उलट फिरवल्यावर मूळ जागी परतत नाही. दोष लगेच एन्झाइमवर ढकलला जातो आणि नवीन बॅच शुद्ध करायला घेतली जाते. एन्झाइम बिचारं क्वचितच दोषी असतं. पोटेन्शियोस्टॅट दाखवतो तो इलेक्ट्रोडचा पोटेन्शियल. सक्रिय केंद्रालाही तोच जाणवतोय, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. खालच्या पायऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायऱ्या त्यासाठीच आहेत, आणि त्या पहिला खरा वर्णपट घेण्याआधी येतात.

उदाहरणं मुख्यतः हायड्रोजिनेजची, म्हणजे हायड्रोजन बनवणाऱ्या किंवा वापरणाऱ्या एन्झाइमची आहेत. त्याच्या सक्रिय केंद्रातल्या लोहाला कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड मुळातच जोडलेले असतात. त्यांचे पट्टे साधारण १८०० ते २१२० या भागात येतात, जिथे प्रथिनाचं स्वतःचं जवळजवळ काहीच नसतं. हीमयुक्त प्रथिनं किंवा तांबं असलेल्या एन्झाइमसाठी कार्बन मोनॉक्साइड बाहेरून द्यावा लागतो, बाकी क्रम तोच. तरंगसंख्या सगळीकडे प्रति सेंटिमीटर आणि पोटेन्शियल प्रमाणित हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत समजा.

## टप्पा १: आधी प्रश्न ठरवा, मग सेल निवडा

इथे घाई झाली तर पुढचं कितीही नेटकं केलं तरी उपयोग नाही. प्रश्न दोन प्रकारचे असतात.

पहिला: एन्झाइमच्या कोणत्या अवस्था आहेत आणि त्या कोणत्या पोटेन्शियलला एकमेकींत बदलतात? हा समतोलाचा प्रश्न आहे. त्यासाठी सोन्याची बारीक जाळी असलेला पातळ थराचा सेल घ्या. एन्झाइम द्रावणात मोकळं असतं, प्रकाश जाळीतून आरपार जातो.

दुसरा: काम करत असताना, म्हणजे हायड्रोजन बनवताना किंवा वापरताना, एन्झाइम कोणत्या अवस्थेत असतं? हे बंद पातळ सेलमध्ये होत नाही. पीएच ७ ला, १ बार हायड्रोजनखाली प्रोटॉन-हायड्रोजन जोडीचा पोटेन्शियल सुमारे −४१३ मिलिव्होल्ट असतो. सेलवर −४५० लावलात तर समतोल साधायला १५ बारपेक्षा जास्त हायड्रोजन लागेल. एन्झाइम तिथवर जायच्या नादात प्रोटॉन क्षपित करत (त्यांना इलेक्ट्रॉन देत) राहतं, हायड्रोजन साठतो, बुडबुडे येतात, आणि तुम्ही मोजता ती ना समतोलाची स्थिती, ना नियंत्रित उत्प्रेरणाची.

त्यासाठी एन्झाइम कार्बनच्या सूक्ष्म कणांवर बसवून तो थर सिलिकॉनच्या प्रिझमवर ठेवतात आणि वरून बफर सतत वाहता ठेवतात. ऑक्सफर्डमधल्या कायली व्हिन्सेंट यांच्या गटाने २०१५ मध्ये ही पद्धत हायड्रोजिनेजवर वापरून दाखवली. तिला ‘पीफायर’ (प्रोटीन फिल्म इन्फ्रारेड इलेक्ट्रोकेमिस्ट्री) म्हणतात. तिचे बारकावे सातव्या टप्प्यात आहेत.

तपासणी: तुमच्या प्रश्नात ‘वेग’, ‘उत्प्रेरण’ किंवा ‘प्रवाह’ यांपैकी एखादा शब्द असेल, तर पातळ बंद सेल बाजूला ठेवा.

## टप्पा २: पाण्याचा हिशेब करून थराची जाडी ठरवा

इन्फ्रारेडमध्ये एन्झाइमपेक्षा पाणी जास्त दिसतं. आपल्या कामाच्या भागातला त्याचा सगळ्यात जोरदार अडथळा १६४५ च्या आसपास असतो, नेमका प्रथिनाच्या सांगाड्याच्या अमाइड-१ पट्ट्यावर. शिवाय २१३० जवळ एक रुंद, बुटका उंचवटा असतो आणि सायनाइडचे पट्टे त्याच्या उतारावर बसतात.

फक्त १८०० ते २१२० हा भाग हवा असेल तर ५० मायक्रोमीटरपर्यंतचा थर चालतो. त्यात १६४५ ला प्रकाश जवळजवळ पार होत नाही, पण त्याची गरजही नाही. प्रथिनाच्या सांगाड्यातले बदल पाहायचे असतील तर थर १० मायक्रोमीटरच्या आत आणा. ८ मायक्रोमीटरला पाण्याचं शोषण १ च्या आसपास राहतं आणि डिटेक्टरला थोडा प्रकाश मिळतो. दोन्ही भाग एकाच जाडीत पाहायचा मोह होतो, तो टाळा. २० मायक्रोमीटरला सायनाइडही दुबळे पडतात आणि अमाइडही बुडतो.

खिडक्या कॅल्शियम फ्लोराइडच्या घ्या. हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण आम्लात आणि अमोनियम क्षारांच्या द्रावणात खराब होतो. नमुना अमोनियम सल्फेटने अवक्षेपित केलेला असेल तर ते आधी पूर्ण काढून टाका.

तपासणी: जाळी न लावता रिकामा सेल मोजा. आतल्या दोन परावर्तनांमुळे पार्श्वरेषेवर लाटा दिसतात. तरंगसंख्येच्या ठरावीक अंतरातल्या लाटा मोजा, त्यांना त्या अंतराच्या दुपटीने भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. १००० तरंगसंख्येत १० लाटा म्हणजे ५० मायक्रोमीटर. स्पेसरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. स्क्रू किती आवळले यावर जाडी बदलते.

## टप्पा ३: नमुना

पातळ थरात प्रकाशमार्ग इतका छोटा असतो की एन्झाइम घट्ट लागतं: ०.३ ते १ मिलिमोलर. आकारमान मात्र काही मायक्रोलिटरपासून काही दहा मायक्रोलिटरपर्यंतच लागतं. इतकं करूनही कार्बन मोनॉक्साइडच्या पट्ट्याची उंची शोषणाच्या एककात काही हजारांश इतकीच असते. म्हणून बफरमधली प्रत्येक गोष्ट संशयाने पाहा.

इशारा: बफर टिकावं म्हणून घातलेलं सोडियम अझाइड २०४८ च्या आसपास ठळक पट्टा देतं. थायोसायनेटही याच भागात येतं. हे पट्टे सायनाइडचे समजून ‘नवीन अवस्था’ सापडल्याचा आनंद फार वेळ टिकत नाही.

डायथायोनाइट (इलेक्ट्रॉन देणारं क्षपक रसायन) हा दुसरा गुन्हेगार. शुद्धीकरणात घातलेलं डायथायोनाइट नमुन्यात उरलं तर ते द्रावण खालच्या पोटेन्शियलला धरून ठेवतं आणि इलेक्ट्रोडशी भांडत बसतं. डिसॉल्टिंग कॉलममधून किंवा गाळणी-नळीत बफर बदलून ते काढा. ग्लिसरॉल जास्त असेल तर द्रावण घट्ट होतं आणि समतोलाला लागणारा वेळ वाढतो. जमेल तितकं कमी ठेवा. विद्युतवाहकतेसाठी १०० मिलिमोलरच्या आसपास क्षार असू द्या.

पीएच बदलून मालिका करणार असाल तर एकाच आयनिक बळाचं मिश्र बफर वापरा, म्हणजे पीएचसोबत बाकी काही बदलत नाही. ट्रिस वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्याचा पीएच तापमानासोबत दर अंशाला जवळपास ०.०३ ने सरकतो. थंड खोलीत बनवलेलं बफर सेलच्या तापमानाला वेगळंच असतं. जड पाण्यात काम असेल तर मीटरवरच्या आकड्यात ०.४ मिळवा.

## टप्पा ४: ऑक्सिजन, प्रकाश, तापमान

सेल नायट्रोजन भरलेल्या ग्लव्ह बॉक्समध्येच भरा, आणि जमलं तर स्पेक्ट्रोमीटरचा नमुना-कप्पाही आतच ठेवा. आत ऑक्सिजन १ ते २ पीपीएमच्या वर गेला की क्षपित मध्यस्थ रसायनं (टप्पा ६) पुन्हा ऑक्सिडाइझ होत राहतात. त्याची खूण पोटेन्शियोस्टॅटवर दिसते: पोटेन्शियल स्थिर, पण क्षपणाचा प्रवाह शून्याकडे न जाता एका ठरावीक पातळीवर अडकून राहतो. ही रेषा दिसली की एन्झाइमचा वर्णपट घेत बसू नका, गळती शोधा.

प्रकाशाकडे कोणी लक्ष देत नाही. सक्रिय केंद्रात निकेल आणि लोह असलेल्या, म्हणजे निकेल-लोह हायड्रोजिनेजच्या अवस्थांची नावं ‘एनआय-’ने सुरू होतात; त्यांतली एनआय-सी दृश्य प्रकाशात एनआय-एलमध्ये बदलते. काही एन्झाइममध्ये हे सामान्य तापमानालाही होतं. लोह-लोह (केंद्रात दोन लोह असलेल्या) प्रकारात तीव्र प्रकाशाने कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि शेजारच्या चांगल्या रेणूला जाऊन चिकटतो. हरित शैवाल क्लॅमिडोमोनासच्या एन्झाइममध्ये एच-ऑक्स या ऑक्सिडाइझ झालेल्या अवस्थेचे कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे १९६४, १९४० आणि १८०० च्या आसपास असतात. तिथे न बोलावता २०१२ ला पट्टा उगवला, तर तो बाहेरून कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या अवस्थेचा आहे. बाहेरून तुम्ही काही दिलं नसेल, तर तो मोडलेल्या रेणूंतूनच आलेला. नमुन्याचा काही भाग गेला, एवढाच त्याचा अर्थ.

तापमान स्थिर ठेवा, निदान अर्ध्या अंशाच्या आत. पाण्याचा २१३० चा उंचवटा तापमानासोबत सरकतो, आणि वजाबाकीच्या वर्णपटात नेमका सायनाइडच्या खाली वर-खाली जाणारा खोटा आकार तयार होतो.

## टप्पा ५: संदर्भ इलेक्ट्रोडवर आंधळा विश्वास नको

संदर्भ इलेक्ट्रोड म्हणजे ज्याच्या तुलनेत पोटेन्शियल मोजतात तो. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये सुमारे +२१० मिलिव्होल्ट, संपृक्त द्रावणात सुमारे +१९७. हा १३ मिलिव्होल्टचा फरक अहवालात हमखास गाळला जातो. शिवाय छोट्या सेलमधले बारके इलेक्ट्रोड वेळेसोबत सरकतात.

पडताळणी सेलमध्येच, इन्फ्रारेडनेच करा:

१. एन्झाइमऐवजी पोटॅशियम फेरोसायनाइडचं द्रावण त्याच बफरमध्ये भरा.

२. पोटेन्शियल २० ते ३० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी वर न्या. फेरोसायनाइडचा पट्टा २०३८ ला घटतो, फेरिसायनाइडचा २११६ ला वाढतो.

३. दोन्ही निम्मे-निम्मे होतात तो पोटेन्शियल काढा.

४. त्याच बफरमध्ये साध्या सेलमध्ये घेतलेल्या चक्रीय व्होल्टॅमोग्रॅमच्या (पोटेन्शियल वर-खाली फिरवून काढलेल्या प्रवाहाच्या आलेखाच्या) मध्यबिंदूशी तो ताडून पाहा. पुस्तकातल्या आकड्याशी थेट तुलना करू नका, कारण या जोडीचा पोटेन्शियल आयनिक बळावर बराच अवलंबून असतो.

५. सेल उघडा, जाळी आणि खिडक्या निगुतीने धुवा, आणि नुसतं बफर भरून २०३८ व २११६ ला काही उरलं नाही ना ते बघा.

याच एका चाचणीतून समतोलाला किती मिनिटं लागतात आणि जाळी थराच्या सगळ्या भागापर्यंत पोहोचते का, हेही कळतं. पाऊण तास थांबूनही २०३८ चा थोडा पट्टा शिल्लक राहत असेल, तर प्रकाश अशा कोपऱ्यातून जातोय जिथे जाळी नाही. तिथे एन्झाइमही कधीच बदलणार नाही. किरणाचं छिद्र लहान करा किंवा जाळी नीट पसरवा.

सोन्यावर प्रथिन चिकटून बिघडू नये म्हणून जाळीवर योग्य थायॉलचा (सोन्याला चिकटणाऱ्या गंधकयुक्त रेणूचा) थर चढवतात. थर नीट बसला नाही तर पहिले वर्णपट चांगले येतात आणि मग प्रतिसाद मंदावत जातो.

## टप्पा ६: मध्यस्थ रसायनं आणि कोऱ्या चाचण्या

मोठ्या प्रथिनाचं सक्रिय केंद्र इलेक्ट्रोडपासून लांब असतं. इलेक्ट्रॉनची ने-आण छोटी मध्यस्थ रसायनं करतात. एक इलेक्ट्रॉन घेणारं मध्यस्थ स्वतःच्या पोटेन्शियलच्या दोन्ही बाजूंना साधारण ६० मिलिव्होल्टपर्यंतच नीट काम करतं. म्हणून शिडी लागते आणि तिच्यात मोठी फट चालत नाही. पीएच ७ ला अंदाजे अशी शिडी होते: मेथिलीन ब्लू +११, इंडिगो डायसल्फोनेट −१२५, अँथ्राक्विनोन डायसल्फोनेट −१८५, अँथ्राक्विनोन मोनोसल्फोनेट −२२५, न्यूट्रल रेड −३२५, बेंझिल व्हायोलोजेन −३६०, मेथिल व्हायोलोजेन −४४६.

पीएच बदलला की रंगद्रव्यं आणि क्विनोन सरकतात, व्हायोलोजेन मात्र जागेवर राहतात. पीएच ७ ला व्यवस्थित असलेल्या शिडीत पीएच ९ ला पायऱ्या एकमेकींवर चढलेल्या असतात. प्रत्येक पीएचला शिडी नव्याने तपासा.

इशारा: फेरिसायनाइड मध्यस्थ म्हणून वापरू नका. त्याचे पट्टे तुमच्याच खिडकीत येतात.

यानंतर एन्झाइमशिवाय पूर्ण मालिका करा: नुसतं बफर, मग बफर आणि मध्यस्थ, तेच पोटेन्शियल, तोच वेळ. हे कंटाळवाणं काम टाळलं जातं आणि नंतर प्रत्येक उंचवट्याला अर्थ चिकटवले जातात. कोऱ्या मालिकेत १९०० च्या खाली टोकदार काटे दिसले तर ती स्पेक्ट्रोमीटरमधली पाण्याची वाफ आहे. कोरड्या वायूने आणखी वेळ धुवा. २३५० चा जोड-पट्टा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा. तो तुमच्या भागात येत नाही, पण वाढत असेल तर कोरडा वायू पुरत नाहीये, हे सांगतो.

## टप्पा ७: प्रत्यक्ष मालिका

पातळ सेलमध्ये. निकेल-लोह एन्झाइम हवेत शुद्ध केलेलं असेल तर आधी ते सक्रिय करा. एनआय-बी ही निष्क्रिय अवस्था लवकर जागी होते, एनआय-ए या दुसऱ्या निष्क्रिय अवस्थेला हायड्रोजनखाली तासन्‌तास लागू शकतात. अर्धवट सक्रिय नमुन्यावर मालिका सुरू केली, तर सक्रियण आणि पोटेन्शियलचा परिणाम यांचा गुंता कधीच सुटत नाही.

एका टोकाला जा, स्थिर व्हा, पार्श्वभूमीचा वर्णपट घ्या. मग २५ ते ३० मिलिव्होल्टच्या पायऱ्या. विभेदन २ पुरेसं आहे. ‘प्रत्येक पायरीला दहा मिनिटं’ असा घड्याळी नियम लावू नका. पुढे जायची अट दुहेरी ठेवा: प्रवाह कोऱ्या मालिकेच्या पातळीला आला पाहिजे, आणि पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेले दोन वर्णपट एकमेकांतून वजा केल्यावर फक्त गोंगाट उरला पाहिजे.

खाली गेलात की त्याच पोटेन्शियलवरून वर या. दोन्ही दिशांचे बिंदू एकाच वक्रावर पडले तरच तो समतोल. पडत नसतील तर आधी पायरीचा वेळ दुप्पट करून पाहा. फट कमी झाली तर दोष वेळेचा, तशीच राहिली तर एन्झाइममध्ये खरोखर मंद किंवा न उलटणारा बदल होतोय.

कार्बनच्या थरावर. ग्लव्ह बॉक्समध्ये एन्झाइम आणि कण थंड ठेवून एकत्र करा, न चिकटलेलं एन्झाइम सेंट्रिफ्यूज करून धुवून काढा, आणि थेंब प्रिझमवर पातळ पसरा. कार्बन स्वतः इन्फ्रारेड खातो, त्यामुळे जाड थर म्हणजे जास्त संकेत असं इथे होत नाही. वरून कार्बन कागदाने विद्युतजोडणी द्या, सेल बंद करा, बफर वाहतं करा.

आता तीन गोष्टी याच क्रमाने बघा. अमाइड-२ चा १५४५ जवळचा पट्टा दिसतो का, म्हणजे एन्झाइम थरावर आहे का? आर्गॉन बदलून हायड्रोजन सोडल्यावर ऑक्सिडीकरणाचा प्रवाह उठतो का, म्हणजे ते जिवंत आहे का? आणि पोटेन्शियल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेल्यावर पहिल्या अवस्थेचा कार्बन मोनॉक्साइडचा पट्टा पूर्ण नाहीसा होतो का? शेवटच्या चाचणीत काही उरलं, तर तेवढ्या रेणूंना विद्युतजोडणी नाही. त्यांचा वाटा प्रत्येक वर्णपटात तसाच राहतो आणि ‘मध्यम पोटेन्शियलला दोन अवस्था एकत्र’ असा भास निर्माण करतो. मालिका संपल्यावर १५४५ पुन्हा मोजा. तो घटला असेल तर प्रवाहातली घट निष्क्रिय होण्यामुळे नसून एन्झाइम धुवून गेल्यामुळे आहे.

## टप्पा ८: पट्टे वाचणं

पार्श्वरेषा काढताना टेकू-बिंदू पट्ट्यांपासून लांब ठेवा. लवचिक वक्र जवळ आणला की तो खांदेच गिळून टाकतो. दुसरा अवकलज पट्ट्यांची जागा शोधायला उत्तम, प्रमाण मोजायला वाईट: तो अरुंद पट्टे फुगवतो आणि रुंद पट्टे दडपतो. प्रमाणासाठी कार्बन मोनॉक्साइडचा पट्टा घ्या, सायनाइड फक्त दुजोऱ्याला. २१३० च्या उतारावरच्या उंचीवर माझा तरी भरवसा नाही.

निकेल-लोह केंद्रात प्रत्येक अवस्थेला कार्बन मोनॉक्साइडचा एक आणि सायनाइडचे दोन पट्टे असतात. तिन्ही एकत्र वाढत-घटत नसतील तर ती एक अवस्था नव्हे.

‘इलेक्ट्रॉन आला की पट्टा खाली जातो’ हा नियम ढोबळ आहे. एनआय-सी ही एनआय-एसआयपेक्षा जास्त क्षपित, तरी तिचा कार्बन मोनॉक्साइडचा पट्टा वर, १९५० च्या आसपास असतो. तिथे इलेक्ट्रॉनसोबत प्रोटॉनही येतो आणि दोन धातूंमध्ये हायड्राइड बसतो, त्यामुळे लोहावरची इलेक्ट्रॉनघनता साध्या हिशेबाने चालत नाही. एनआय-एसआय आणि एनआय-आर ईपीआरला (जोडी नसलेले इलेक्ट्रॉन पाहणाऱ्या तंत्राला) दिसत नाहीत, इन्फ्रारेडला दिसतात. म्हणून ईपीआरशी जुळवताना एनआय-सीचा धागा धरा.

कार्बन मोनॉक्साइड बाहेरून दिला असेल तर कार्बन-१३ चा वायू देऊन पुन्हा मोजा. पट्टा साधारण ४३ ते ४५ ने खाली सरकला तर तो तुम्ही दिलेला रेणू. जागचा हलला नाही तर तो मुळातलाच.

## टप्पा ९: नेर्न्स्टच्या वक्रात बसवणं

नेर्न्स्टचं समीकरण पोटेन्शियल आणि दोन अवस्थांचं प्रमाण यांचा संबंध सांगतं. प्रत्येक अवस्थेचा वाटा पोटेन्शियलविरुद्ध मांडा. २५ अंशाला एक इलेक्ट्रॉनचा बदल १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला सुमारे ११३ मिलिव्होल्ट घेतो, दोन इलेक्ट्रॉनचा ५६. इलेक्ट्रॉनची संख्या मोकळी सोडून वक्र बसवा, पण उत्तर ०.७ आलं तर ते तसंच छापू नका. वक्र रुंद होण्याची कारणं ठरलेली आहेत: समतोल अपुरा, शिडीत फट, जोडणी नसलेले रेणू, किंवा एकमेकांवर चढलेले दोन बदल. पहिली तीन वर सांगितलेल्या तपासण्यांतून वगळता येतात. ती वगळल्यावरच संख्या १ वर पक्की करून दोन बदलांचा वक्र बसवा.

मधल्या अवस्थेचा वाटा घंटेच्या आकाराने वाढून घटतो. तिचं शिखर पूर्ण १०० टक्क्यांना पोहोचत नसेल तर शेजारच्या अवस्थांच्या पट्ट्यांची सापेक्ष तीव्रता आधी स्वतंत्र ठरवा. नाहीतर सगळे पट्टे सारखेच तीव्र आहेत असं नकळत गृहीत धरलं जातं.

पीएचची मालिका असेल तर मध्यपोटेन्शियल दर पीएच एककाला सुमारे ५९ मिलिव्होल्टने खाली यायला हवा, जर एका इलेक्ट्रॉनमागे एक प्रोटॉन येत असेल. उतार ४० च्या आसपास आला आणि तुम्ही पीएच ६ ते ९ एवढंच पाहिलं असेल, तर त्या भागातच कुठेतरी प्रोटॉन सुटण्याचा टप्पा लपलेला असू शकतो. चार बिंदूंमधून सरळ रेष काढण्याऐवजी मध्ये आणखी दोन-तीन पीएच घ्या आणि रेष कुठे वाकते ते पाहा.